सुळा अजून आला नाही, थांबू का?

गेल्या अंकात किडलेल्या दाढांवर लिहिताना शेवटी मी विचारलं होतं, की मुलांचा एखादा दात भलत्याच जागी उगवलाय किंवा उगवायचाच राहिलाय असं तुमच्या घरात आहे का. बरीच पत्रं आली. मी साताऱ्यात बावीस वर्षं दातांना तारा लावण्याचंच काम करते आहे आणि या विषयावर मला फार बोलायचं असतं. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे, सहावीत. तिचा वरचा उजवा सुळा दिवाळीत आला. डावीकडे मात्र दुधाचा सुळा अजून घट्ट बसलाय, हलतसुद्धा नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चौदा वर्षांपर्यंत वाट बघा. सासूबाई म्हणतात आपोआप येईल. जाऊबाई सांगतात की वरचा दात काढला तर डोळा अधू होतो. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, चौदापर्यंत थांबू नका. याच महिन्यात एक्स-रे काढून घ्या.

आधी तुम्ही स्वतः घरी एक गोष्ट करून बघा. हात स्वच्छ धुवा, मुलीला उजेडात बसवा आणि तिचा वरचा ओठ वर उचला. डावीकडच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठ आणि हिरडी जिथे मिळतात त्या खाचेजवळ, करंगळीचं टोक हलकेच दाबून फिरवा. आत कायमचा सुळा नीट वाटेवर असेल तर तिथे भिजवलेल्या हरभऱ्याएवढा गोल, कडक फुगवटा लागतो. दहाव्या वर्षाच्या आसपास तो बहुतेक मुलांत दोन्ही बाजूंना लागायला हवा. तुमच्या मुलीचा उजवा सुळा तर बाहेरही आलाय. डावीकडे हिरडी सपाट लागली, किंवा फुगवटा पुढे न लागता आत टाळूच्या बाजूला लागला, तर सुळा वाट चुकलाय असं धरून चाला. आणखी एक बघा. त्याच्या शेजारचा पटाशीचा दात बाहेरच्या बाजूला कलल्यासारखा दिसतो का? आतून कोणी ढकलत असलं की तो तसा दिसतो.

एक बाजू आली आणि दुसरी मागे राहिली, हीच मोठी खूण आहे. दोन्ही बाजू उशिरा असतील तर मी एकवेळ म्हणेन की मुलीचे दातच सावकाश येताहेत. दोन बाजूंमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर मी एक्स-रे काढल्याशिवाय पेशंटला घरी पाठवत नाही.

सुळ्याचंच असं का होतं, तेही सांगते. मूल चार-पाच महिन्यांचं असतं तेव्हा वरच्या सुळ्याचा मुकुट, म्हणजे दाताचा पुढे हिरडीबाहेर दिसणारा भाग, घडायला लागतो, आणि तो घडतो पार वर, नाकाच्या कडेला. तिथून हिरडीपर्यंत यायला त्याला सुमारे दोन सेंटिमीटरची वाट चालावी लागते. तोंडातल्या दुसऱ्या कुठल्याही दाताची वाट इतकी लांब नाही. तो पोचतो तेव्हा समोरचे चारही पटाशीचे दात आणि बहुतेकदा मागची पहिली उपदाढही (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधली छोटी दाढ) येऊन बसलेली असते. म्हणजे एसटीत सगळ्यांत शेवटी चढणाऱ्या माणसासारखी त्याची गत. वाटेत तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाचा आधार घेत घसरत खाली येतो. तो शेजारी लहान असला, खुंटीसारखा बारीक असला किंवा जन्मतःच नसला, तर सुळ्याला कठडा मिळत नाही आणि तो टाळूकडे वळतो. अक्कलदाढ सोडली तर सगळ्यांत जास्त अडकणारा दात हाच आहे. शंभरात एक-दोघांना हे होतं, मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त, आणि घराण्यातही चालतं. तुमच्या किंवा यजमानांच्या घरी कोणाचा सुळा आलाच नव्हता का, विचारून बघा.

आता एक्स-रे. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक लांबट फोटो. त्यात सुळा किती वर आहे, किती आडवा आहे ते कळतं, पण तो पुढे ओठाकडे आहे की मागे टाळूकडे, ते नीट कळत नाही. त्यासाठी मी त्याच जागेचे दोन छोटे एक्स-रे काढते, दुसऱ्या वेळी नळी थोडी बाजूला सरकवून. एसटीच्या खिडकीतून बघताना रस्त्याकडेचं झाड मागे पळतं आणि लांबचा अजिंक्यतारा आपल्याबरोबर चालत असल्यासारखा वाटतो ना, अगदी तसंच. दुसऱ्या फोटोत सुळा नळीच्या दिशेनेच सरकलेला दिसला, तर तो मागे, टाळूकडे. उलट्या दिशेला गेला, तर पुढे. तो शेजारच्या मुळाला घासतोय अशी शंका आली तरच मी सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅन काढायला सांगते. प्रत्येक मुलाला त्याची गरज नसते.

सुळा टाळूकडे वळलेला निघाला तर पुढे काय? इथेच तुमच्या मुलीचं वय मोलाचं आहे. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि क्यूरोल या दोघांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांमधले टाळूकडे वळलेले ४६ सुळे त्यांनी घेतले आणि फक्त वरचा दुधाचा सुळा काढला. बाकी काही नाही, तार नाही, शस्त्रक्रिया नाही. त्यातले ३६ सुळे आपले आपण वाटेवर आले. सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मध्यरेषेच्या अलीकडे होतं तिथे हे १०० पैकी ९१ वेळा जमलं. टोक मध्यरेषा ओलांडून गेलेलं होतं तिथे ६४ वेळा. म्हणजे सुळा जितका पुढे भरकटेल तितकी ही सोपी वाट अरुंद होत जाते. तुम्हाला चौदापर्यंत थांबायला सांगितलं, ते मला पटत नाही ते यासाठीच. दुधाचा सुळा काढायला पाच मिनिटं लागतात. मात्र कायमच्या सुळ्याला बसायला जागा हवी. दाटी असेल तर आधी किंवा सोबतच ती जागा करून घ्यावी लागते. दात काढल्यावर साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे काढून बघायचं. वर्षभरात सुळा हलला नाही तर मग दुसरी वाट धरायची.

ती दुसरी वाट म्हणजे साखळी. भूल देऊन टाळूची हिरडी उचलायची, सुळ्यावरचं हाड अलगद बाजूला करायचं आणि त्याच्या मुकुटावर एक छोटी बटणासारखी पट्टी चिकटवायची. त्या पट्टीला बारीक साखळी असते, बहुतेकदा सोन्याचा मुलामा दिलेली. हिरडी पुन्हा शिवून टाकायची आणि साखळीचं टोक बाहेर ठेवून दातांवरच्या तारेला अडकवायचं. मग दर भेटीत साखळीची कडी एक-एक करून कमी होते. महिना-महिना काही दिसत नाही, आणि एक दिवस हिरडीखाली पांढरं टोक चमकतं. इतकी वर्षं झाली तरी त्या दिवशी मी सगळ्या स्टाफला बोलावून दाखवते. सगळे उपचार मिळून दोन वर्षं, कधी त्याहून जास्त.

आता जाऊबाईंच्या डोळ्याबद्दल. वरचा दात काढल्याने नजर अधू होत नाही. दाताला जाणारी नस चेहऱ्याचं दुखणं-खुपणं कळवणाऱ्या नसेची फांदी आहे. नजरेची नस वेगळी, ती डोळ्यातून थेट मेंदूकडे जाते. हा समज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली चढते, डोळा मिटून जातो. अशा वेळी दात काढला आणि आधीपासूनच डोळ्याला काही झालं असेल, तर दोष दाताला मिळतो. पण भीतीपोटी किडका, पू झालेला दात तोंडात ठेवणं जास्त धोक्याचं आहे, हे जाऊबाईंना माझ्याकडून सांगा.

मी इतकं का लिहिते आहे, तेही सांगते. दवाखाना सुरू केला त्याच वर्षी कोरेगावकडच्या एका गावातून तेरा वर्षांची मुलगी आली. तक्रार एवढीच, की पुढचा एक दात हलतोय. किड नाही, मार लागलेला नाही. शाळेच्या तपासणीच्या कार्डावर ‘दात स्वच्छ’ असा शेरा होता, आणि दात खरंच स्वच्छ होते. बोलताना ती जिभेने तो दात आतून धरून ठेवायची, पडेल म्हणून. एक्स-रे ओला असतानाच मी खिडकीशी नेऊन बघितला. सुळा आडवा येऊन शेजारच्या दाताच्या मुळावर टेकला होता आणि अर्धं मूळ विरघळून गेलं होतं. ना दुखणं, ना सूज. दोन वर्षं हे आत चाललं होतं आणि त्या दोन वर्षांत कोणीही तिचा ओठ उचलून बोट लावलं नव्हतं. आम्ही साखळी लावून सुळा मागे ओढला. सुळा बाजूला गेला की बहुतेक वेळा मुळाचं विरघळणं थांबतं, तसंच झालं. अर्ध्या मुळावरचा तो दात आजही तिच्या तोंडात आहे. गेल्या वर्षी ती स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मी खुर्चीचा दिवा लावायच्या आधीच तिनं मुलीचा ओठ वर केला आणि म्हणाली, “मॅडम, उजवीकडे लागतोय, डावीकडे मला लागत नाही. बघा बरं.” तिचं बरोबर होतं. त्या मुलीला साखळी लागणार नाही, दुधाचा सुळा काढून भागलं.

प्रश्न : माझ्या नातवाला सहावं लागलंय. खालचे दुधाचे दात पडायच्या आधीच त्यांच्या मागे दोन नवे दात उगवले आहेत. दोन रांगा दिसतात. आमच्याकडे दातावर दात म्हणजे नशीबवान म्हणतात, पण सुनेला काळजी वाटते. तिला काय सांगू?
– एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, सुनेला सांगा, घाबरायचं कारण नाही. खालचे पटाशीचे दात मागून उगवणं फार सर्रास दिसतं. दुधाच्या दाताचं मूळ नीट झिजत नाही, तो जागा सोडत नाही, म्हणून नवा मागून डोकं काढतो. पुढचा दात पडला की जीभच त्याला हळूहळू पुढे ढकलते. तुम्ही नातवाला दुधाचा दात रोज जिभेने, स्वच्छ बोटाने हलवायला लावा. भाकरीचा कडक पापुद्रा, पेरू, गाजर चावू दे. हलत असेल तर पडेल, आणि मग तुमच्या रिवाजाप्रमाणे कौलांवर टाका. दोन-तीन महिन्यांत दुधाचा दात जराही हलला नाही तर मात्र डॉक्टरांकडून काढून घ्या.

पण वरच्या दातांना हा हिशेब लावू नका. वरचा पटाशीचा दात आतून उगवला आणि तोंड मिटल्यावर खालच्या दातांच्या मागे अडकून बसला, तर जीभ त्याला सोडवू शकत नाही. खालचे दात कुलपासारखे त्याला आत धरून ठेवतात. प्रत्येक घासाला खालच्या दाताला धक्का बसतो, आणि त्याची हिरडी खाली उतरायला लागते. अशा वेळी एक-दोन महिन्यांतच दाखवा. त्या वयात स्प्रिंगच्या काढ-घाल करायच्या प्लेटवर काही आठवड्यांत दात बाहेर येतो.

आणि वरचा एक मोठा पटाशीचा दात आला पण जोडीदार सहा महिने झाले तरी नाही, तर एक्स-रे काढाच. दोघांच्या मधे एखादा जादाचा, खुंटीसारखा छोटा दात वाट अडवून बसलेला असतो, तो मी कितीतरी मुलांमध्ये पाहिला आहे. तो काढला आणि जागा असली की जोडीदार बऱ्याचदा मागून येतो.

दाढा बघायलाही विसरू नका. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी कायमची दाढ कधी कधी दुधाच्या दाढेच्या मागच्या कडेखाली रुतून बसते, अर्धीच दिसते. बहुतेकदा ती स्वतःच सुटते. वयाची सात वर्षं उलटून गेली तरी रुतलेलीच असेल तर आपण दोघींच्या मधे रबराचं कडं किंवा पितळेची बारीक तार घालून ती सोडवतो. नशिबाचं म्हणाल तर आजी, नातवाला दात घासायची सवय तुमच्याच हातून लागू दे.

प्रश्न : मुलाला तारा लावायच्या आहेत, वय १३. डॉक्टर म्हणतात चार उपदाढा काढाव्या लागतील. चारही चांगल्या आहेत, एकही किडलेली नाही. पोटच्या पोराचे निरोगी दात काढायला मन धजत नाही. हे खरंच गरजेचं असतं का?
– एक बाबा, नगर

उत्तर : तुमची घालमेल मला समजते, माझ्यासमोर अशा खुर्चीत रोज एक बाबा बसलेले असतात. हा वादही आमच्या शास्त्राइतकाच जुना आहे. आधुनिक दंतसरळीकरणाची घडी बसवणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल, ज्यांनी १८९९ मध्ये वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात याची वर्गवारी केली, ते दात काढायच्या सक्त विरोधात होते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पुढे बघितलं, की दात न काढता रांगेत बसवलेल्या कितीतरी पेशंटांचे दात पुन्हा पुढे आले, तोंड पुढे दिसायला लागलं. त्यांनी तेच पेशंट पुन्हा घेतले, यावेळी दात काढून. आज आम्ही या दोन्ही टोकांच्या मधे कुठेतरी चालतो.

डॉक्टरांना एवढंच विचारा, जागा किती मिलिमीटर कमी पडते, आणि ती मापं मला साच्यावर दाखवा. दोन-तीन मिलिमीटरची दाटी असेल तर दातांच्या कडा किंचित घासून किंवा जबडा थोडा रुंद करून भागतं. आठ-दहा मिलिमीटर कमी असेल, ओठ मिटताना हनुवटीवर सुरकुत्या पडत असतील, तर उपदाढा काढल्याशिवाय दात हाडाच्या बाहेर ढकलले जातील. मोजून दाखवणारा डॉक्टर सांगत असेल तर धजा. साचा, एक्स-रे, मोजमाप काही न करता कोणी पहिल्याच भेटीत चार दात काढायला सांगितले असतील, तर दुसरं मत घ्या. बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त याच कामाचं एमडीएस केलेला माणूस असतो, त्याला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. तशा माणसाकडे जा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. रांग लांब असते, भेटी जास्त होतात, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं आणि खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत.

प्रश्न : मी २५ वर्षांची. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत. लग्न पाच महिन्यांवर आहे. ऑनलाइन एका ठिकाणी घरी साचा घ्यायचा डबा पाठवतात आणि मग पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायची प्लॅस्टिकची खोळ, कुरिअरने येतात. डॉक्टरकडे जायचीच गरज नाही म्हणतात. घेऊ का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : डॉक्टरकडे न जाता घेऊ नकोस. अलाइनर वाईट नाहीत. मीही बऱ्याच जणांना देते. पण हिरडीच्या आत काय आहे ते कुरिअरच्या डब्याला दिसत नाही. दात हाडात किती खोल आहेत, हिरडीचा आजार आहे का, एखादा सुळा आत आडवा पडलाय का, हे बघितल्याशिवाय दात हलवणं म्हणजे पाया न बघता भिंत सरकवणं. हलायला लागलेले दात घेऊन माझ्याकडे आलेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. दोघींच्या हिरड्यांना आधीच आजार होता, आणि कोणी बघितलंच नव्हतं.

पाच महिन्यांत जरासा चढलेला दात सरळ होऊ शकतो, किती चढलाय त्यावर आहे. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर हलतो आणि त्याला घाई चालत नाही. दाताच्या मुळाभोवती पाव मिलिमीटरहून बारीक असा एक मऊ थर असतो. हलका जोर दिला की त्या थरात एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं आणि दात सरकतो. जास्त जोर दिला तर त्या थराचा रक्तपुरवठाच थांबतो आणि दात आठवडेच्या आठवडे अडून बसतो. म्हणून कोणी ‘जोरात आवळून’ लवकर करून देतो म्हणाला तर उठून ये. अलाइनर लावलेच तर रोज २० ते २२ तास घालावे लागतात, फक्त जेवताना आणि घासताना काढायचे. हळदीच्या दिवशी डबीत ठेवून विसरलीस तरी चालेल, पण साखरपुड्यापासून लग्नापर्यंत नाही. आणि लग्नानंतर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, घालायचा कंटाळा केलास तर दोन्ही दात पुन्हा एकमेकांवर चढतील. हे मी दर आठवड्याला बघते.

प्रश्न : वय ४७. रूट कॅनालसाठी ओपीजी काढला तेव्हा कळलं, की उजवा सुळा टाळूत आडवा आहे. त्याच्या जागी दुधाचाच दात आहे आणि आजवर त्रास नाही. काढायचा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : त्रास नाही, शेजारच्या मुळांना धक्का नाही, भोवती गाठ नाही, तर राहू द्या. या वयात असा सुळा पुष्कळदा हाडाला चिकटून बसलेला असतो, ओढला तरी येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी एक एक्स-रे काढून आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघा, भोवतीचं काळं वलय मोठं होत नाही ना. दुधाचा दात टिकेल तोवर टिकवा. हे फोटो नीट ठेवा आणि घरच्या लहान मुलांचे ओठ उचलून बघा, कारण हे घराण्यात चालतं.

प्रश्न : डॉक्टर मावशी, मी आठवीत आहे. मला दोन महिन्यांपूर्वी तारा लावल्या आणि माझ्या सुळ्याला साखळी पण आहे. वर्गातली मुलं रेल्वेचे रूळ म्हणतात. गाल आतून सोलतो. आई काहीच खाऊ देत नाही, संक्रांतीला तिळगूळ पण नको म्हणते. आणि तारा कधी निघणार?
– एक विद्यार्थी, वाई

उत्तर : अरे, तू लिहिलंस ते मला फार आवडलं. आधी गालाचं बघू. डॉक्टरांकडून मेणाची डबी माग. वाटाण्याएवढं मेण घेऊन बोटात मळ, टोचणाऱ्या ब्रॅकेटला (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्याला) कोरडं करून त्यावर दाबून बसव. झोपताना लावलंस तर सकाळपर्यंत सोललेला भाग शांत होतो. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीनदा चूळ भर. दोन-तीन आठवड्यांत गाल आतून टणक होतो आणि टोचणं थांबतं.

आईचं एका बाबतीत बरोबर आहे. चिक्कीच्या गुळाचा कडक लाडू दाताने फोडलास की ब्रॅकेट निघतं, आणि ते निघालं की तेवढे आठवडे वाया. ऊस दातांनी सोलायचा नाही, कणीस दांड्यावरून खायचं नाही, सुपारी आणि बर्फ चावायचा नाही. पण साध्या गुळाची मऊ वडी आईला करायला सांग, ती खा. ऊस खायचा असेल तर रस पी. कणसाचे दाणे सोलून घे. पेरूच्या, सफरचंदाच्या फोडी करून मागच्या दाढांनी चाव. गोड खाल्लं की लगेच चूळ भर, आणि रात्री झोपण्याआधी ब्रश न करता झोपू नकोस. ब्रॅकेटच्या भोवती पांढरट थर साचून राहिला तर तार निघाल्यावर तिथे दातावर खडूसारखे पांढरे डाग राहतात, ते सहज जात नाहीत. तारेखालून जाणारा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश मिळतो, तो आण.

मुलं रूळ म्हणतात त्यांना सांग, या तारेत निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू आहे. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तो पुढे आला आणि दोन्ही धातूंची आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं घेऊन त्याला निटिनॉल नाव पडलं. वाकवली तरी तोंडाच्या उबेत ती स्वतःच्या आकाराला परत येऊ बघते, आणि येताना तुझा दात सोबत घेऊन येते. वर्गात असा धातू आणखी कोणाच्या तोंडात आहे?

तारा कधी निघणार, ते साखळीवर आहे. पुढच्या वेळी तार आवळून घ्यायला जाशील तेव्हा आरसा माग आणि साखळीच्या किती कड्या बाहेर दिसतात ते मोज. एका वहीत तारीख टाकून लिहून ठेव. कड्या कमी होत गेल्या म्हणजे सुळा निघालाय. पांढरं टोक दिसलं की मला पत्र लिही, मी वाट बघते.